असन्निधानी शास्त्राची आवडी

परब्रह्म परमेश्वराचे सन्निधान लाभले असता पोथीची गरज कोणास पडते? सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या श्रीमुखीचे वचन ज्यांनी आपल्या कानांनी ऐकले, श्रीचरणांजवळ बसून ज्यांना आपला संदेह पुसता आला, त्यांच्याजवळ पोथी नव्हती आणि तिची उणीवही त्यांना कधी भासली नाही. बाइसांना, महदाइसांना, नागदेवाचार्यांना जे हवे होते ते समोर होते. स्वामी उत्तरापंथे बिजे करते झाले आणि ते समोरचे दृष्टीआड झाले. त्या दिवसापासून परिवाराला आठवणीचा आधार उरला. आणि पंथाचे सगळे शास्त्र त्या आठवणीतून उभे राहिले आहे. महानुभाव शास्त्राचा विचार करताना ही गोष्ट प्रथम ध्यानी घेतली पाहिजे. हे शास्त्र विद्वत्सभेत वाद जिंकण्यासाठी रचलेले नाही, राजाश्रयाने लिहविलेले नाही. ज्यांचा देव डोळ्यांपुढून गेला अशा माणसांनी ते जपले आहे. त्यामुळे ते वाचण्याची रीतही निराळी असली पाहिजे.

परमेश्वराच्या असन्निधानी साधकाला चार आधार सांगितले आहेत : स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक. त्यांत ग्रंथाचे नाव वेगळे घातलेले नाही, हे पाहून काही जण असा अर्थ काढतात की स्थानवंदन आणि प्रसादवंदन घडले म्हणजे पुरे झाले, शास्त्राचे पठण हा अभ्यासकांचा अधिकचा उद्योग आहे. हा अर्थ टिकणारा नाही. एखाद्या गावाबाहेर नदीकाठी ओटा आहे. साधक तेथे जाऊन दंडवत घालतो. परंतु त्या ठिकाणी स्वामींना आसन झाले की वसती झाली, तेथे कोण भेटीस आले, त्यास स्वामी काय निरूपिते झाले, हे त्यास ठाऊक नसेल तर त्याच्या मस्तकाला लागले ते दगड आणि चुना. स्थान हे लीळेमुळे स्थान आहे. लीळा विसरली गेली की ओटा तेवढा राहतो. स्थानपोथीसारखा ग्रंथ पूर्वजांना का लिहावासा वाटला याचे कारण येथेच आहे. प्रसादाची गोष्ट तीच. भिक्षुक आणि वासनिक यांची संगती तरी कशासाठी सांगितली? दोघे एकत्र आले म्हणजे त्यांनी परमेश्वराचे गुण, वचन, लीळा एकमेकांना सांगाव्या यासाठी. म्हणजे चारही आधारांच्या पोटात शास्त्र आहेच. ते पाचवे म्हणून वेगळे मोजावे लागले नाही इतकेच.

स्मरणाचा विचार केला तर हे आणखी स्पष्ट होते. स्मरण चार अंगांनी करावयाचे : नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा. यांपैकी नाम हे गुरुमुखातून मिळते व मुखात राहते. परंतु उरलेली तीन अंगे कोठून आणावयाची? लीळा कोणी सांगितल्यावाचून कळत नाही. मूर्ती डोळ्यांनी पाहिलेली नाही. चेष्टा, म्हणजे श्रीकरांचे चालविणे, अवलोकणे, उठणे, बसणे, वाट चालणे, हे सातशेहून अधिक वर्षांनंतरच्या जीवास ग्रंथावाचून कसे गवसणार? बाइदेवबासांनी ‘पूजावसर’ लिहून स्वामींचा दिनक्रम नोंदून ठेवला तो याच गरजेपोटी. लीळाचरित्र व पूजावसर बाजूला ठेवून जो स्मरणास बसतो त्याच्या हाती चारांतील एकच अंग उरते. तो अर्ध्या तासात कंटाळतो आणि ‘मन लागत नाही’ अशी तक्रार घेऊन महंतांकडे येतो. मन कशास लागावे तेच त्याने मनाला दिलेले नसते.

आज अनेक घरी व अनेक आश्रमांतही पोथीचा आदर मोठा आहे, यात संशय नाही. पोथी स्वच्छ वस्त्रात बांधलेली असते, उंच जागी ठेवलेली असते, अवसराच्या वेळी तिला गंधाक्षता व फूल वाहिले जाते. वस्त्र जुने झाले की नवे येते. मात्र वस्त्राची गाठ वर्षातून कितीदा सुटते, असे विचारले तर उत्तर देताना अनेकांची मान खाली जाईल. आदर हा आरंभ आहे. ज्याचा आदर वाटतो त्याच्याजवळ जाण्याची इच्छा झाली म्हणजे त्या आदराची आवडी होते. परमेश्वराविषयीची श्रद्धा आणि शास्त्राविषयीची आवडी या दोन गोष्टी नाहीत, असन्निधानात पहिली दुसरीच्या रूपाने राहते. हे नुसते बोलून पटणार नाही. ऋद्धिपुरी काय घडले ते पाहिले म्हणजे पटेल.

स्वामींच्या प्रयाणानंतर नागदेवाचार्य ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. श्रीप्रभूंचे सन्निधान होते, तरी स्वामींच्या वियोगाची खंती मनातून जात नव्हती. ते एकांती बसत आणि स्वामींच्या एकेका लीळेचे मनन करीत. अमुक गावी असे घडले, तेथून निघाल्यावर असे घडले, हा क्रम मनात चाले. म्हाइंभटांनी त्यांना अशा स्थितीत पाहिले आणि काय चालले आहे म्हणून विचारले. आपल्या सर्वज्ञांच्या लीळांचे मनन चालले आहे, असे उत्तर मिळाले. तेव्हा म्हाइंभटांच्या मनात आले की, हे मनन भटोबासांच्या अंतःकरणात आहे तोवर आहे. पुढे येणाऱ्यांना ते कोण देणार? लीळाचरित्राचा उगम या प्रश्नात आहे. वाजेश्वरी येथे बसून नागदेवाचार्यांनी सांगावे व म्हाइंभटांनी लिहून घ्यावे, असे कार्य सुरू झाले.

येथे म्हाइंभट कोण होते हे विसरून चालत नाही. सराळ्याचे हे ब्राह्मण शास्त्रांत पारंगत होते, संपन्न होते आणि विद्येचा ताठा बाळगून होते. डोमेग्रामी ते स्वामींपुढे आले ते शिष्य होण्याच्या हेतूने आले नव्हते. त्यांना चर्चा करावयाची होती, आपले पांडित्य पारखून दाखवावयाचे होते. ती चर्चा कोठे जाऊन थांबली हे लीळाचरित्राच्या वाचकांस ठाऊक आहे. पुढे अनुसरण घडले. वादासाठी शेकडो श्लोक ज्याच्या जिभेवर तयार असत, तो पुरुष आता एका सामान्य स्त्रीपुढे हात जोडून विचारू लागला की, बाई, त्या दिवशी स्वामी आपल्या अंगणात आले तेव्हा कोणत्या बाजूस बसले होते? विद्या तीच होती, स्मरणशक्ती तीच होती, नेमकेपणाची सवयही तीच होती. पूर्वी ती स्वतःच्या नावासाठी राबत होती. आता तिला धनी मिळाला.

म्हाइंभटांनी केवळ नागदेवाचार्यांच्या सांगण्यावर काम भागविले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता. आचार्य स्वतः साक्षी, परिवारात अग्रगण्य, स्मरणात दृढ. परंतु नागदेवाचार्य प्रत्येक प्रसंगी जवळ नव्हते. जेथे ते नव्हते तेथील लीळा ज्याने पाहिली त्याच्याकडून घेतली पाहिजे, हा म्हाइंभटांचा दंडक. म्हणून ते गावोगाव हिंडले. ज्या ज्या व्यक्तीशी स्वामींचा संबंध घडला होता तिला गाठले, पुसले, लिहिले. स्वामींच्या एकाकी भ्रमणाचा काळ तर कोणीच पाहिला नव्हता. त्या काळातील गोष्टी स्वामींनी स्वतः प्रसंगाप्रसंगाने परिवारास सांगितल्या होत्या, त्यांवरून ‘एकांक’ सिद्ध झाला. मग पूर्वार्ध, मग उत्तरार्ध. अशा प्रकारे गोळा केलेल्या मजकुराची जी मांडणी त्यांनी केली ती पाहता एक गोष्ट वारंवार मनात भरते. एखाद्या लीळेविषयी दोघांच्या आठवणी जुळत नसतील तर त्यांनी स्वतःच्या बुद्धीने निवाडा करून एक आठवण पुसून टाकली नाही. अमक्याच्या आठवणीप्रमाणे असे, दुसऱ्याच्या आठवणीप्रमाणे तसे, अशी दोन्हींची नोंद ठेवण्याची रीत पंथात रूढ झाली व पुढे पाठ आणि शोध यांच्या रूपाने ती टिकली.

याकडे आजचा वाचक पुष्कळदा अडथळा म्हणून पाहतो. कथा सरळ चालली असता मध्येच ‘अमक्याचा पाठ’ आला की त्याला ठेच लागते, आणि लोकांसाठी सोप्या आवृत्त्या करणारे हे भेद काढून टाकून गोष्ट गुळगुळीत करतात. हेतू चांगला असेल, पण त्याने श्रद्धेचे एक मोठे लक्षणच पुसले जाते. परमेश्वराच्या लीळेत आपल्या पदरचा एक शब्दही पडू नये आणि तिचा एक कणही सांडू नये, या दुहेरी भीतीने तो मजकूर लिहिलेला आहे. ज्याला लेखकाची कीर्ती हवी असते तो दोन पाठ ठेवून आपले लेखन विद्रूप करून घेत नाही. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांचा दृष्टान्त पंथात सर्वांना परिचित आहे. कोणाच्या हाती पाय आला, कोणाच्या हाती कान. म्हाइंभटांनी प्रत्येकाच्या हाती जे आले ते तसेच लिहून घेतले आणि कान धरलेल्याला तू पाय सांग असे म्हटले नाही.

दुसरी गोष्ट लीळांच्या आकाराची. लीळाचरित्रात निरूपण आहे, सिद्धान्त आहे, जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर या चार पदार्थांचा विवेक आहे. त्याचबरोबर अत्यंत लहान गोष्टीही आहेत : स्वामी वाटेत कोठे थांबले, कोणाचे अन्न गोड करून घेतले, लहान मुलाशी काय बोलले, कोणाच्या भाबडेपणावर हसले. नवशिक्या अभ्यासकास वाटते की सिद्धान्ताच्या लीळा मुख्य, बाकीच्या भर घालणाऱ्या. वस्तुतः केवळ तत्त्वज्ञान हवे असलेल्या मनुष्याने या लहान लीळा कधीच जपल्या नसत्या. त्याने सार घेतले असते व प्रसंग टाकून दिला असता. घरातील वडील माणूस गेले म्हणजे त्यांनी केलेला उपदेश मुलांना आठवतो. त्यापेक्षा आधी त्यांची बसण्याची जागा आठवते, हाक मारण्याची ढब आठवते. आवडीचा हा धर्मच आहे. जेथे परमेश्वर तेथे काही क्षुल्लक नाही, ही परिवाराची धारणा होती आणि म्हणूनच तेराव्या शतकातील एका महाराष्ट्रीय अंगणातील संभाषण आज शब्दशः ऐकू आल्यासारखे वाटते.

लीळांतून स्वामींची वचने वेचून केसोबासांनी ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला, आणि सूत्र, दृष्टान्त व दार्ष्टान्तिक अशी रचना असलेला ‘दृष्टान्तपाठ’ही त्यांचाच. केसोबासांचे उपकार अपार आहेत. भिक्षेला जाताना, अटनात, विजनात पोथी बरोबर नसली तरी चालावे, सगळे शास्त्र कंठी असावे, हे सूत्रांमुळे शक्य झाले. परंतु सूत्र वेचताना प्रसंग मागे राहतो, हाही धोका त्यात होता. स्वामींचे प्रत्येक वचन कोणा एकास उद्देशून निघालेले आहे. पुसणारा कोण, त्याची योग्यता कोणती, तो खिन्न होता की उन्मत्त होता, हे न कळता वचनच उचलले तर एकासाठी दिलेले औषध दुसऱ्याच्या मुखात जाते. पूर्वाचार्यांनी हा धोका ओळखून ‘प्रकरणवश’ रचला व कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी निरूपिले ते सांगून ठेवले. पुढील स्थळग्रंथ व बंदग्रंथ यांचा विस्तारही अर्थ निसटू नये म्हणूनच झाला. आज सभेत एखादे कठोर आचारसूत्र दुसऱ्याच्या अंगावर फेकण्याची जी चाल दिसते ती प्रकरण न पाहण्यातून आली आहे. ज्या बाईला वा पुरुषाला ते सूत्र सांगितले गेले, तिच्याशी वा त्याच्याशी स्वामी किती मायेने बोलत होते हे लीळेत उघडून पाहिले तर सूत्र उच्चारणाऱ्याचा स्वर आपोआप खाली येईल.

केसोबास संस्कृताचे मोठे पंडित होते. ‘रत्नमालास्तोत्र’ ही त्यांची संस्कृत रचना प्रसिद्धच आहे. शास्त्रप्रकरणेही संस्कृतात बांधावी असा त्यांचा मनोदय झाला तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबविले. कारण असे दिले की, त्यामुळे स्वामींचा सामान्य परिवार नागवला जाईल. स्मृतिस्थळातील ही आठवण मराठी भाषेच्या अभिमानाचा पुरावा म्हणून आता सर्वत्र सांगितली जाते. ती तशी सांगावयास हरकत नाही, तथापि आचार्यांच्या बोलण्याचा रोख भाषेपेक्षा माणसांवर आहे. त्यांच्या डोळ्यांपुढे परिवारातील साध्या स्त्रिया होत्या, अक्षरओळख नसलेले भाबडे वासनिक होते. स्वामी ज्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलले, त्यांच्यापासून स्वामींचे बोलणे हिरावून घेणे हा आचार्यांच्या मते परिवाराचा तोटा होता. शास्त्राला प्रतिष्ठा मिळून तो भरून येणारा नव्हता. यावरून एक गोष्ट निश्चित होते. शास्त्र हा भिक्षुकांचाच वाटा आहे, उपदेशी गृहस्थाने दंडवत घालून बाजूला बसावे, असे जे कोणी मानतात ते आचार्यांच्या उलट बाजूस उभे आहेत. आणि ‘आम्ही संसारी, आम्हांस काय कळणार’ म्हणून अंग काढून घेणारे गृहस्थही त्याच बाजूस उभे आहेत.

आचार्यांचा हा निर्णय किती दूरदृष्टीचा होता ते पुढील काळाने दाखविले. चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीवर आलेल्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत पंथाची पांगापांग झाली आणि लीळाचरित्राची मूळ पोथी गमावली गेली, असे परंपरा सांगते. म्हाइंभटांचे सारे कष्ट त्या पोथीत होते. ज्यांच्याकडून लीळा ऐकल्या ते साक्षीही आता देह ठेवून गेले होते, पुन्हा गावोगाव हिंडून पुसावे तर कोणास? अशा वेळी ज्यांच्या मुखी लीळा होत्या त्यांच्या मुखातून ग्रंथ पुन्हा उतरवून घेतला गेला. त्यांत हिराइसांचे नाव सर्वांत ठळक आहे. ऐकलेले न विसरणारी एकपाठी म्हणून त्यांची ख्याती होती. त्यांच्या स्मरणातून आलेला पाठ ‘हिराइसा पाठ’ म्हणून ओळखला जातो. ग्रंथ संस्कृतात गेला असता आणि पंडितांच्या पेटीतच राहिला असता, तर पेटी गेल्यावर काय उरले असते? ज्या परिवारासाठी आचार्यांनी मराठीचा आग्रह धरला, त्याच परिवाराच्या जिभेवर तो राहिला आणि तेथून परत आला.

हिराइसांनी लीळा पाठ केल्या तेव्हा पुढे पोथी हरवणार आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. एखादे मोठे कार्य आपल्या हातून व्हावयाचे आहे, या बुद्धीने त्यांनी पाठांतर केले नाही. परमेश्वराच्या लीळा आवडत होत्या, म्हणून त्या पुन्हा पुन्हा ऐकल्या, पुन्हा पुन्हा आठवल्या आणि मुखी बसल्या. तेराव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या कवी नरेंद्रांचीही अशीच एक आख्यायिका आहे. रामदेवरावाने ‘रुक्मिणीस्वयंवर’ ग्रंथ आपल्या नावावर करावा म्हणून ओवीमागे सोन्याचे नाणे देऊ केले. नरेंद्रांनी ते नाकारले. तसे केल्यास आपल्या कविकुळाला बोल लागेल, असे त्यांचे उत्तर होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळावयाचे. अशा आवडीचे फळ कोणते? येथे सिद्धान्त सांभाळून बोलले पाहिजे. शास्त्रपठणाने परमेश्वर बांधला जात नाही. ज्ञान देणारा तोच, प्रेम देणारा तोच, आणि प्रेमदान तर सन्निधानाचे. जीव आपल्या बळावर अविद्येचे बंधन तोडू शकत नाही. शंभर पारायणांच्या बदल्यात मोक्ष मोजून घ्यावा, असा हा व्यवहार नाही. तसे मानले तर शास्त्रपठण हे कर्म झाले, आणि कर्माचे फळ कर्माच्या मापानेच मिळणार. मग अभ्यास कशासाठी? तर अभ्यासाने जीवाच्या ठिकाणी योग्यता येते. आपण कोणापासून दुरावलो आहो हे त्याला उमगते, त्यातून अनुताप उपजतो, खंती लागते. परमेश्वराविषयी खंती असणे ही असन्निधानातील फार मोठी संपत्ती आहे. जो ग्रंथ उघडतच नाही त्याला खंतीही नसते, कारण आपण काय गमावले याची त्याला वार्ताच नसते. नागदेवाचार्यांना लीळांच्या मननातून सुख होत होते की दुःख, असे कोणी विचारले तर दोन्ही होत होते असेच म्हणावे लागेल. ते दुःख त्यांनी एखाद्या सुखासाठीही टाकले नसते.

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस श्रीकृष्णचक्रवर्तींनी या विषयी स्वतःचे अभिवचन दिले आहे. संवाद संपत आला असता, या धर्मसंवादाचे अध्ययन करणाऱ्याने ज्ञानयज्ञाने आपली पूजा केली असे ते मानतात. त्याच्या पुढच्याच श्लोकात ते ऐकणाऱ्यासही वगळीत नाहीत. मत्सर न धरता श्रद्धेने जो केवळ ऐकतो त्यालाही फळ सांगितले आहे. अध्ययनाला पूजा म्हटले आहे, हे सावकाश ध्यानात घेण्यासारखे आहे. पोथीला फूल वाहणे ही पूजा आहे. पोथी उघडून तीतील वचन समजून घेणे ही देखील पूजा आहे आणि ती ज्याची पूजा करावयाची त्याने स्वतः मान्य केलेली आहे. अक्षरशत्रू वासनिकालाही कान आहेत. त्याची सबब तेथे उरत नाही.

एका गोष्टीविषयी मात्र सावध केले पाहिजे. घरात आजार आला, कोर्टाचा निकाल जवळ आला, मुलाची नोकरी अडली, म्हणून पारायण बसविण्याची प्रथा अलीकडे वाढते आहे. आर्त जीवाने परमेश्वरालाच हाक मारावी, दुसरीकडे जाऊ नये, हे खरे. गीतेतही आर्त आणि अर्थार्थी यांना भक्तांच्या पंक्तीत बसविले आहे. पण काम झाले की पोथीला पुन्हा गाठ बसते आणि काम न झाले तर पोथीविषयीच मन खट्टू होते, हे पाहिले म्हणजे ते पारायण देवताफळाच्या बुद्धीने चालले होते हे उघड होते. चार पदार्थांचा विवेक शिकविणारा ग्रंथच अशा बुद्धीने वाचला जावा, ही खेदाची गोष्ट आहे. आर्तपणाने ग्रंथ उघडला असेल तर उघडू द्यावा. महंतांनी त्या कुटुंबाला रागे भरण्यापेक्षा संकट टळल्यानंतर महिनाभराने त्यांच्या घरी जाऊन, पुढची लीळा वाचली काय, असे पुसावे.

दुसरी सावधगिरी अभिमानाविषयीची. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि मराठीतील आद्य गद्य चरित्र म्हणून लीळाचरित्राचे नाव पंथाबाहेरही घरोघर गेले. अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर आता मराठी भाषा विद्यापीठाचेही स्थान झाले आहे. पंथीयांना याचा आनंद वाटणे योग्यच आहे. भाषेचे अभ्यासक त्या ग्रंथात क्रियापदांची जुनी रूपे पाहतील, इतिहासाचे अभ्यासक यादवकाळची गावे, नाणी, धान्ये पाहतील. त्यांचे ते काम आहे व त्यांच्या परिश्रमाचा पंथालाही लाभ झाला आहे. सकळ लिपीत बंदिस्त असलेले वाङ्मय विसाव्या शतकात नागरी अक्षरांत छापले गेले नसते तर पुष्कळ गृहस्थांच्या हाती ते आलेही नसते. परंतु अनुयायीच जेव्हा ‘आमचा ग्रंथ आद्य’ एवढेच सांगू लागतो आणि त्या आद्य ग्रंथातील दहा लीळा त्याला सांगता येत नाहीत, तेव्हा त्याची स्थिती डोमेग्रामी वादाला निघालेल्या म्हाइंभटांहूनही उणी असते. म्हाइंभटांजवळ अभिमानाला पुरेशी विद्या तरी होती.

आचरणाविषयी थोडे. भिक्षुकांना सूत्रपाठ कंठस्थ करण्याची परंपरा आश्रमांतून आजही चालू आहे. तिला प्रकरणाची जोड द्यावी : सकाळी जी सूत्रे आवर्तनात आली त्यांपैकी एकाची लीळा त्याच दिवशी वाचावी आणि विजनात तीच मनापुढे ठेवावी. उपदेशी गृहस्थाने रोज एक लीळा वाचावी. मोठी असेल तर दोन दिवस घ्यावे. घरात मोठ्याने वाचावी, म्हणजे स्वयंपाकघरात असणाऱ्या माउलीच्या व झोपाळ्यावर बसलेल्या म्हाताऱ्या बाबांच्या कानी पडेल. जुना शब्द अडला तर तेथेच खूण करून पुढे जावे व साधुसंत घरी आले म्हणजे पुसावे. त्यामुळे त्यांच्या येण्यालाही विषय मिळतो, नाहीतर भेटकाळ क्षेमकुशलात व पंगतीच्या चर्चेत संपतो. जेथे दोन पाठ दिलेले असतील तेथे दोन्ही वाचावे. मुलांना परीक्षेसारखे प्रश्न विचारू नयेत. कालच्या लीळेत स्वामी कोणत्या गावी होते, एवढे त्यांच्याकडून सहज आठवून घ्यावे. प्रतिष्ठान, डोमेग्राम, बेलापूर, ऋद्धिपूर ही नावे त्यांच्या ओळखीची होतील आणि पुढे कधी स्थानवंदनास नेले म्हणजे ओटा दाखविण्यापूर्वी तीच मुले लीळा सांगू लागतील.